एअरफॉइलचं नाक : तीन मिमीचा अर्धगोल का चालत नाही

तुझा प्रश्न आधी इथे मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सांगलीला कॉलेजच्या विंड टनेलसाठी (मॉडेलवर हवा सोडून मोजमाप करतात तो बोगदा) एनएसीए ००१२ चं लाकडी मॉडेल करायचंय. हा अमेरिकेच्या जुन्या विमान संशोधन संस्थेचा, एनएसीएचा, सिमेट्रिक एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या आडव्या कापाचा आकार (सेक्शन), जाडी कॉर्डच्या १२ टक्के. कॉर्ड म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, तुझी २०० मिमी. कॅडमधे दर २ टक्क्यांवर एक असे ५१ पॉइंट टाकलेस तर पुढचं टोक टोकदार येतंय आणि स्प्लाइन (पॉइंटमधून जाणारी सलग वक्र रेघ) लावली की तिथेच वेडीवाकडी होतेय. सुतार म्हणतोय तीन मिमीचा गोल मारून देतो, काय फरक पडतोय. आणि प्रोजेक्टमधला एक जण म्हणतोय टोकदारच राहू दे, हवा कापली जाईल, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, कमी होईल.

मी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करतो, त्यातलं बरंचसं काम लीडिंग एजचंच, म्हणजे पुढच्या कडेचं, नाकाचंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गणित थोडं येईल पण ते सोडू नकोस, सुताराशी बोलताना तेच आकडे कामाला येणारेत.

आधी टोकदारचा विषय संपवू. हवा म्हणजे ऊस नाही की कोयत्याला धार लावली की सपासप तुटेल. आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी कमी वेगात पातं यायच्या आधीच हवेला त्याचा दाब जाणवतो आणि ती वळायला लागते, तिला कापावं लागतच नाही, तिला वळायला जागा द्यावी लागते. शून्य अँगलला, म्हणजे कॉर्ड हवेच्या दिशेत सरळ असताना, समोरून येणारी हवा बरोबर नाकाच्या टोकावर थांबते आणि दोन भाग होऊन वरखाली जाते. तू अँगल वाढवलास की ती थांबायची जागा, म्हणजे स्टॅग्नेशन पॉइंट, खालच्या बाजूला सरकते. आता वर जाणाऱ्या हवेला खालून उलट पुढे येऊन, नाकाला वळसा घालून, मग वरच्या अंगावर जायचंय. हा वळसा जेवढा घट्ट तेवढा तिथला वेग जास्त आणि दाब कमी. मग तो कमी झालेला दाब मागे मागे परत भरून यावा लागतो, आणि पृष्ठभागाला चिकटून चाललेला हवेचा पातळ थर, बाउंड्री लेयर, त्या चढावर दमतो आणि सुटतो. तोच स्टॉल, लिफ्ट म्हणजे वर उचलणारं बळ तिथून पडायला लागतं. नाक अगदी धारदार असेल तर आदर्श गणितात तिथला वेग अनंत येतो, प्रत्यक्षात काय होतं तर थोड्याशा अँगललाच हवा नाकावरच सुटते. म्हणजे ड्रॅग वाचवायला गेलास आणि ४-५ अंशांच्या पुढे लिफ्टही बिघडली, ड्रॅगही वाढला.

धार लागते ती सुपरसॉनिक विमानाला. एफ-१०४ स्टारफायटरच्या पंखाची जाडी कॉर्डच्या फक्त ३.३६ टक्के आणि पुढच्या कडेचा रेडियस ०.४१ मिमी होता, जमिनीवर उभं असताना माणसं कापली जाऊ नयेत म्हणून कडेला कव्हर घालून ठेवायचे. पण त्याची किंमत लँडिंगला मोजावी लागायची, उतरताना वेग खूप ठेवायला लागायचा. तुझा टनेल २० मीटर प्रति सेकंदचा, तिकडे बघूच नकोस.

आता सुताराचा अर्धगोल. हा जास्त महत्त्वाचा विषय आहे कारण यात तो पूर्ण चुकीचा नाही, म्हणूनच फसायला होतं.

००१२ च्या जाडीचा फॉर्म्युला तुझ्याकडे आहेच. मधल्या रेषेपासून एका बाजूची जाडी म्हणजे ५ गुणिले टी, गुणिले कंस, आणि कंसात पहिलंच पद ०.२९६९ गुणिले एक्सचं वर्गमूळ. टी म्हणजे जास्तीत जास्त जाडी आणि एक्स म्हणजे टोकापासूनचं अंतर, दोन्ही कॉर्ड १ धरून. बाकीची पदं साधी आहेत, एक्स, एक्सचा वर्ग, घन वगैरे. नाक गोल कशामुळे होतं तर फक्त त्या वर्गमुळामुळे. एक्स अगदी छोटा असताना बाकी सगळं नगण्य होतं आणि उरतं एवढंच की जाडीचा वर्ग हा एक्सच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आडवा पॅराबोला. पॅराबोलाच्या टोकाला बसणाऱ्या वर्तुळाचा रेडियस त्या गुणकाच्या वर्गाच्या निम्मा असतो, आणि ते केलंस की १.१०१९ गुणिले टीचा वर्ग येतं. टी ०.१२, म्हणून कॉर्डच्या १.५८७ टक्के, तुझ्या २०० मिमीला ३.१७ मिमी. म्हणजे सुताराचा तीनचा अंदाज जवळजवळ बरोबर आहे. यातून आणखी एक लक्षात घे, रेडियस जाडीच्या वर्गाने वाढतो, ००१८ घेतलास तर जाडी दीडपट पण रेडियस सव्वादोनपट, ७.१ मिमी. जाड सेक्शन स्टॉलला सौम्य का वागतात त्यातलं मोठं कारण हेच.

मग चूक कुठे? चूक अशी की ३.१७ हा रेडियस फक्त टोकावरच्या एका बिंदूचा आहे. तिथून मागे सरकायला लागलास की वक्रता लगेच उतरायला लागते. टोकापासून अर्ध्या मिमीवर वर्तुळ आणि खरा आकार यात ०.०३ मिमीचा फरक आहे, तो विसरून जा. १ मिमीवर खरी अर्धी जाडी २.४४ मिमी आणि वर्तुळाची २.३१. अडीच मिमीवर खरी ३.७९ आणि वर्तुळाची ३.१०. आणि ३.१७ मिमीवर, जिथे अर्धगोल संपतो आणि त्याची कड कॉर्डला समांतर होते, तिथे खरा आकार ४.२४ मिमीवर आहे आणि अजून साधारण ३२ अंशात चढतोय! म्हणजे सुतार जर अर्धगोल मारून तिथून पुढे हाताने जुळवत गेला तर एक तर नाक बारीक होऊन मागे खांदा येणार, नाही तर खांदा घासताना जाडीच जाणार. आणि डोळ्याला ते अगदी सुरेख दिसतं, हाच त्रास आहे. हवेला मात्र खांदा कळतो. वर्तुळ संपून जिथे वक्रता एकदम बदलते तिथे दाबाचा एक छोटा खड्डा पडतो, त्याच्या मागे चढ, आणि बाउंड्री लेयर तिथेच टर्ब्युलंट होतो किंवा सुटून बबल करतो. मग तुझं रीडिंग ००१२ चं नसतंच, ते तुमच्या सुताराच्या सेक्शनचं असतं.

आता कॅड. २ टक्क्याला पॉइंट म्हणजे तुझा पहिला पॉइंट ४ मिमीवर आणि तिथे अर्धी जाडी ४.७२. शून्यापासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढली की जवळजवळ १०० अंशांची पाचर होते, १ मिमीवर २.४४ च्या जागी १.१८ जाडी. सगळं नाक त्या एका गॅपमधे हरवलं. उपाय जुनाच आहे, पॉइंट समान अंतरावर घ्यायचे नाहीत, कोनावर घ्यायचे. शून्य ते १८० अंश समान भाग पाड आणि प्रत्येकाला एक्स बरोबर (१ वजा कोसाइन) भागिले २ लाव. तेवढेच ५१ पॉइंट, पण आता पहिला पॉइंट ०.२ मिमीवर येतो. मी तर म्हणेन १०१ घे, कॉम्प्युटरला काय जातंय. आणि स्प्लाइन वरची वेगळी खालची वेगळी अशी करू नको, ट्रेलिंग एजपासून (मागच्या कडेपासून) सुरू करून वरून नाकाला वळसा घालून खालून परत ट्रेलिंग एजपर्यंत एकच काढ. दोन काढल्यास तर दोघींना टोकावर सरळ उभा टँजंट (स्पर्शरेषा) द्यावा लागतो आणि वक्रता जुळवावी लागते, नवीन माणसाकडून ते हमखास राहतं. काढून झाल्यावर कर्व्हेचर कोंब (वक्रता किती ते रेघांच्या उंचीने दाखवणारी कॅडमधली सोय) ऑन करून बघ, टोकावर एक शिखर आणि दोन्हीकडे सुरळीत उतार दिसला पाहिजे, मधे खाचखळगे दिसले तर पॉइंटच्या दशांशांची काटछाट झालीय का ते तपास, चार दशांश तरी ठेव.

पुढे कधी कॅम्बरवाला, म्हणजे मधली रेषाच वाकलेली असलेला सेक्शन केलास, समजा २४१२, तर जाडी त्या मधल्या रेषेला, कॅम्बर लाइनला, काटकोनात धरायची असते, सरळ वर-खाली नाही. २४१२ ची कॅम्बर लाइन नाकाशी ०.१ उताराने निघते, म्हणून नाकाच्या वर्तुळाचं सेंटर कॉर्डवर नसून त्या उताराच्या रेषेवर असतं. त्यामुळे वरच्या बाजूच्या एकदोन पॉइंटचा एक्स किंचित उणे येतो. ते बरोबर आहे, खोडू नकोस.

लाकूडकाम. पूर्ण सेक्शनचं टेम्प्लेट सगळेच करतात, तू त्याशिवाय फक्त पुढच्या १० टक्क्याचं, म्हणजे २० मिमीचं एक उलटं टेम्प्लेट कर, खाच असलेलं, नाकावर समोरून बसणारं. सांगलीत लेसर कटिंगवाले आहेत, २-३ मिमीच्या अ‍ॅक्रिलिकमधे किंवा पत्र्यात काढून घे. पण लेसरचा कट स्वतःची थोडी रुंदी खातो, तेवढी रेघ आत घ्यायला, म्हणजे ऑफसेट द्यायला सांग, नाहीतर टेम्प्लेटच ढिलं येईल. ते नाकावर बसवून मागून टॉर्च धरायचा. उजेड जिथून येतो तिथे माल कमी, जिथे अडतं तिथे जास्त. स्पॅनभर, म्हणजे मॉडेलच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दर ५ सेंटीमीटरला बघ. रेडियस गेजच्या भरवशावर राहू नको, तो टोकाच्या त्या अर्ध्या मिमीपुरताच खरं बोलतो. त्यापेक्षा व्हर्नियरने पूर्ण जाडी मोज, टोकापासून १ मिमीवर ४.८९, अडीचवर ७.५८, पाचवर १०.४६ आणि दहावर १४.२२ मिमी. हे चार आकडे भिंतीवर लिहून ठेव.

बॉडी पाइनची किंवा हलक्या लाकडाची असेल तर नाकाला सागाची पट्टी चिकटवून घे, मऊ लाकूड पॉलिश पेपरखाली कधी सपाट होतं ते कळत नाही. आणि सपाट होणं किती सोपं आहे ते बघ. नाकावरचा फक्त अर्धा मिमी माल घासला गेला तर तिथे साडेतीन मिमी रुंदीचा सपाट पट्टा तयार होतो, आणि त्याच्या दोन्ही कडांना ३०-३० अंशांचे कोपरे. अर्धा मिमी! मागे ६० मिमीवर, जिथे जाडी सगळ्यात जास्त आहे, तिथे अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर मी काही म्हणणार नाही. म्हणून नाकावर रंधा आणि कानस सुरुवातीलाच काय ते, शेवटचं काम पट्टीसारखा पॉलिश पेपर वरून खालपर्यंत ओढून करायचं, पॉलिश करताना बूट पुसतात तसं नव्हे तर हळू, आणि दर चार ओढींनी टेम्प्लेट लावायचं. प्रायमर आणि रंगाचा थरही धर हिशोबात, ०.१ मिमी थर म्हणजे रेडियस ३.१७ चा ३.२७, म्हणून लाकूड तेवढं बारीक ठेव. थ्रीडी प्रिंट करणार असशील तर सेक्शन बेडवर आडवा येईल असं उभं प्रिंट कर आणि सीम, म्हणजे प्रत्येक थर सुरू-संपतो तिथला उंचवटा, ट्रेलिंग एजला टाक, स्लायसर (प्रिंटचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा ती नेमकी नाकावर टाकतो.

आता पठारावरचं सांगतो, कारण हे सगळं तिथे रोज डोळ्यासमोर दिसतं. मोठं पातं दोन अर्ध्या कवचांचं बनतं, दोन्ही कवचं साच्यातून काढून लीडिंग आणि ट्रेलिंग एजला चिकटवतात. म्हणजे जोड बरोबर नाकावर येतो, जिथे आकार सगळ्यात नाजूक तिथेच. बाहेर आलेलं अ‍ॅडेसिव्ह ग्राइंडरने काढतात, आणि ग्राइंडर थोडा जास्त टेकला की वर सांगितलेला सपाट पट्टा तयार. नंतर पाऊस. ५० मीटरचा रोटर मिनिटाला २४ फेरे फिरतो असं धर, टोकाचा वेग ६३ मीटर प्रति सेकंद, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. त्या वेगात जूनपासूनचा सह्याद्रीचा पाऊस नाकावर आपटतो, उन्हाळ्यात धूळ आपटते. आधी जेलकोटवर (पात्याच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, मग ते एकमेकांत मिसळून चरे, मग खालचं ग्लासफायबर उघडं पडून थर सुटायला लागतात. खालून, गाडीत बसून बघितलं तर काहीच दिसत नाही.

किती फरक पडतो? इलिनॉय विद्यापीठात १८ टक्के जाडीच्या एका पवनचक्कीच्या सेक्शनवर अशी झीज मुद्दाम करून टनेलमधे मोजली, २०१४ साली ते छापून आलं. हलक्या ते जोरदार झिजेला ड्रॅग ६ पासून ५०० टक्क्यांपर्यंत वाढला. ड्रॅग ८० टक्के वाढला तरी वर्षाची वीज साधारण ५ टक्के कमी होईल, आणि सगळ्यात वाईट अवस्थेत २५ टक्क्यांपर्यंत, असा त्यांचा हिशोब. मधल्या आणि मागच्या भागाला हात न लावता, फक्त नाक!

दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की फिलर भरून, घासून, रंग मारून पातं नव्यासारखं चकाचक करतात आणि टेम्प्लेट कोणी लावत नाही. खड्डे गेले पण नाक बोथट झालं किंवा एका बाजूला सरकलं. दोरीला लटकून काम करताना हात वरच्या बाजूला जास्त चालतो, त्यामुळे नाकाचं टोक हळूहळू खाली सरकतं, म्हणजे पात्याचा अँगलच बदलल्यासारखं. प्रत्येक दुरुस्तीला त्या त्या अंतरावरचं टेम्प्लेट लागतंच, कारण मुळापासून टोकापर्यंत सेक्शन आणि कॉर्ड दोन्ही बदलत जातात. पारदर्शक पॉलियुरेथेनची टेप लावतात ती चांगली, पण तिची मागची कड म्हणजे एक पायरी असते, ती सीलंटने उतरती करून घ्यावी लागते.

नाकाची भूमिती कशी वागते याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण किड्यांचं आहे. जुन्या स्टॉल रेग्युलेटेड मशीन, म्हणजे ज्यांची पाती वळत नाहीत आणि जोराच्या वाऱ्यात स्टॉल होऊनच पॉवर आवरली जाते, त्यांची पॉवर कॅलिफोर्नियात जोराच्या वाऱ्यात कधी कधी काहीच कारण नसताना निम्म्यावर यायची. कॉर्टेन आणि वेल्डकॅम्प यांनी २००१ मधे नेचरमधे दाखवलं की कारण किडे आहेत. किडे उडतात मंद वाऱ्यात. मंद वाऱ्यात अँगल लहान, किडे नाकाच्या टोकाशी, स्टॅग्नेशन पॉइंटच्या आसपास चिकटतात, तिथे हवा तशीही हळू असते, म्हणून पॉवरवर परिणाम दिसतच नाही. मग वारा वाढतो, अँगल वाढतो, स्टॅग्नेशन पॉइंट खाली सरकतो, आणि जिथे किडे चिकटलेत तीच जागा आता सगळ्यात जास्त वेगाची, सगळ्यात कमी दाबाची होते. तेच किडे, तेच पातं, पण आता अवेळी स्टॉल. वर मी वळसा म्हणालो तो हाच. तुझ्या मॉडेलच्या नाकाच्या टोकावरचा खडबडीतपणा शून्य अँगलला फारसं काही दाखवणार नाही आणि १० अंशाला सगळं बिघडवेल, तेही याच कारणाने.

म्हणून शेवटी तुझ्या टनेलबद्दल. एनएसीएने १९३३ च्या रिपोर्ट ४६० मधे ७८ सेक्शन तपासले, त्यांची मॉडेल धातूची, ५ इंच म्हणजे १२७ मिमी कॉर्डची, तुझ्यापेक्षा लहान. ००१२ चं नाक २ मिमी रेडियसचं! पण त्यांचा टनेल बंद टाकीत होता आणि हवा २० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत दाबलेली, म्हणून रेनॉल्ड्स नंबर (वेग, कॉर्ड आणि हवेची घनता वाढली की वाढतो, चिकटपणा वाढला की घटतो; तो जुळला तरच दोन टेस्टची तुलना होते) ३० लाखांच्या आसपास. तुझा २० मीटर प्रति सेकंदला २ लाख ६५ हजार. त्यामुळे पुस्तकातला मॅक्सिमम लिफ्ट कोएफिशियंट (वेग आणि आकार बाजूला काढून लिफ्ट मोजायचा आकडा) तुला मिळणार नाही, कमी मिळेल, आणि तो नाकाचा दोष नाही. कमी रेनॉल्ड्सचा टनेल पूर्वीही फसवायचा, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या विमानांना पातळ पंख का होते तर छोट्या, मंद टनेलमधे पातळ सेक्शनच चांगले दिसायचे. युंकर्स आणि फोकरची जाड पंखांची विमानं उडाली तेव्हा बाकीच्यांना कळलं.

नाक नीट झालंय का याची परीक्षा हवी असेल तर एनएसीएचीच पद्धत छोटी करून वापर. त्यांनी नंतरच्या टेस्टमधे ६१० मिमी कॉर्डच्या मॉडेलवर पुढच्या ८ टक्क्यात, वर आणि खाली, ०.२८ मिमीचे कार्बोरंडमचे (पॉलिश पेपरवर असतात तसे) दाणे विरळ चिकटवले, जेमतेम ५ ते १० टक्के जागा भरेल एवढेच. ६० लाख रेनॉल्ड्सला ००१२ चा मॅक्सिमम लिफ्ट कोएफिशियंट साधारण १.६ वरून १ च्या आसपास आला. तू आधी गुळगुळीत मॉडेलची रन घे, शून्यापासून १८ अंशांपर्यंत एक एक अंशाने वर, आणि मग तसंच उलट खाली, कारण स्टॉल झालेली हवा परत चिकटायला अँगल बराच खाली आणावा लागतो आणि तो फरक कितीचा येतो तेही लिहायचं. मॉडेल सिमेट्रिक आहे म्हणून उणे अँगलचीही पूर्ण रन घे. वरचा आणि खालचा स्टॉल एका अंशाच्या आत जुळला तर दोन्ही बाजू सारख्या आल्यात. दोन अंशांचा फरक असेल तर आधी मॉडेल शून्याला नीट बसलंय का आणि टनेलची हवा सरळ येतेय का ते बघ, ते ठीक असेल तर टेम्प्लेट घेऊन परत नाकाकडे जा, जी बाजू आधी स्टॉल होतेय तिथे खांदा नाहीतर सपाटी सापडेल. त्यानंतरच दाणे लावून दुसरी रन कर, आणि दाणे तुझ्या कॉर्डच्या प्रमाणात घे, ०.१ मिमीच्या आसपास, १५० नंबरच्या पेपरच्या दाण्याएवढे.